इस्राएलबद्दल वेगळं बोललं तर शाप लागतो का?

एका ताईंचं पत्र आलंय, लांब होतं म्हणून थोडं आटपून देते:

"सलाम. आम्ही निफाड तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. सासरे ७८ वर्षांचे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. ते रोज रात्री मोबाईलवर भविष्यवाणीचे व्हिडिओ बघतात आणि प्रार्थनेच्या टेबलावर बायबलशेजारी इस्राएलचा छोटा झेंडा ठेवलाय. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला, तिकडे एका बायबल स्टडीला जातो. ईस्टरला घरी आला तेव्हा जेवताना विषय निघाला. तो म्हणाला आता खरं इस्राएल म्हणजे मंडळी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणारे, यहुद्यांचं देवाच्या योजनेतलं काम संपलं. अण्णा म्हणाले उत्पत्ती १२ वाच, इस्राएलच्या विरोधात बोलेल त्याला शाप आहे आणि मला या घरात शाप नको. मुलगा बोलून गेला की अण्णा, तुम्ही बाँबला आशीर्वाद देताय. अण्णा ताटावरून उठले. दीड महिना झाला, दोघं फोनवर पण बोलत नाहीत. यंदा एकरभर नवीन खुंट लावलेत, ऑगस्टात कलम भरायला पोरगा यायला हवा तर हा असा अबोला. त्यात पुढच्या महिन्यात महिला मंडळात प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा ११ वा अध्याय मला घ्यायचाय, पाळकसाहेब म्हणतात हा विषय टाळा. नक्की बरोबर कोण? आणि एक विचारायचं होतं, ७ ऑक्टोबरचा इस्राएलवरचा हल्ला बघून मी रडले होते आणि गाझातली मुलं बघून पण रडते. असं दोन्हीकडे मन जाणं चूक आहे का, मला शाप लागेल का?"

ताई, सलाम.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण मला वाटतं तुम्ही पत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतलं आणि बाकीचं त्याच्या आधी येऊन बसलं. नाही, शाप नाही लागणार. मी हे तुमची समजूत घालायला म्हणत नाहीये, बायबल उघडून बसा आणि माझ्यासोबत बघा.

उत्पत्ती १२ चं तिसरं वचन शेवटपर्यंत वाचा. देव अब्राहामाला म्हणतो की तुझं भलं चिंतणाऱ्याचं मी भलं करीन, तुझं वाईट चिंतणाऱ्याचं वाईट करीन, आणि मग ते वचन जिथे जाऊन पोचतं ते हे की तुझ्यामुळे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील. सगळी कुळं म्हणजे निफाडमधलं तुमचं कूळ आलं, तेल अवीवमधल्या आईचं आलं आणि गाझातल्या आईचं पण आलं. पौल गलतीकरांस ३ मध्ये हेच वचन घेतो आणि म्हणतो की हीच सुवार्ता होती, अब्राहामाला आधीच सांगितलेली. जे वचन सगळ्या जगाला आत घ्यायला दिलं ते आपण घरातल्या घरात एकमेकांना भीती घालायला वापरायला लागलो तर कुठेतरी आपण ते अर्ध्यातच बंद केलंय.

आणि इस्राएलच्या राज्याविरुद्ध बोलणाऱ्याला शाप लागतो असं असतं ना, तर पहिला शाप यिर्मया संदेष्ट्याला लागला असता. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला आणि हा माणूस भर शहरात सांगतोय की शरण जा नाहीतर सगळं जळेल. सरदार म्हणाले हा लोकांचा धीर खचवतोय, याला मारा, आणि दोरांनी त्याला हौदात सोडला, खाली पाणी नव्हतं नुसता चिखल, त्यात तो रुतला. बाहेर कोणी काढला तर एका परदेशी कूशी माणसाने, आणि दोर काखेत रुतू नये म्हणून त्याने जुन्या चिंध्या आधी खाली सोडल्या. यिर्मया ३८ मध्ये आहे सगळं. यिर्मयापेक्षा यरुशलेमवर जास्त प्रेम कोणी केलं सांगा. आमोसच्या तिसऱ्या अध्यायात तर देव म्हणतो की सगळ्या कुळांमधून मी तुम्हालाच ओळखलं, म्हणूनच तुमच्या पापांचा जाब तुम्हाला विचारीन. म्हणजे निवडलेलं असणं ही सूट नाहीये, उलट जास्त हिशेब आहे.

अण्णांसाठी अजून एक गोष्ट आहे, १ राजे २१, नाबोथाचा द्राक्षमळा. अहाब इस्राएलचाच राजा, त्याला वाड्याशेजारचा मळा भाजीपाल्यासाठी हवा होता, पैसे देतो म्हणाला, बदल्यात चांगला मळा देतो म्हणाला. नाबोथ म्हणाला वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. खोटे साक्षीदार उभे केले, त्याला दगडमार करून मारला, आणि राजा मळा ताब्यात घ्यायला गेला तर तिथे देवाने एलीया संदेष्ट्याला आधीच पाठवलेलं. द्राक्षबाग वाढवायला किती वर्षं जातात ते अण्णांना मी काय सांगणार. पण त्यांनी ही गोष्ट परत एकदा निवांत वाचावी असं मला मनापासून वाटतं, देव तिथे मुकुट कुणाच्या डोक्यावर आहे ते बघत नाही, मळा कुणाचा होता ते बघतो.

तर ताई, रडा. दोन्हीकडे रडा. लूक १९ मध्ये येशू यरुशलेम शहराकडे बघून रडला, आणि त्याच शहरात त्याला आठवड्याभरात मारणार होते.

आता नक्की बरोबर कोण. मला असं दिसतंय की तुमच्या जेवणाच्या टेबलावर तीन वेगवेगळे प्रश्न एकाच ताटात कालवले गेले. देवाने यहुदी लोकांना टाकलं का, हा एक. अब्राहामाला दिलेलं जमिनीचं अभिवचन आज कसं समजायचं, हा दुसरा. आणि १९४८ साली झालेलं इस्राएल नावाचं राज्य आज जे जे करतं ते सगळं देवाच्या मर्जीने आहे का, हा तिसरा. तुमचा मुलगा दुसऱ्यावर बरोबर उत्तराच्या जवळ आहे असं मला वाटतं पण पहिल्यावर तो चुकलाय, आणि अण्णा पहिल्यावर अगदी बरोबर आहेत पण तिथून उडी मारून थेट तिसऱ्यावर गेलेत.

पहिल्याचं उत्तर पौलाने एका ओळीत दिलंय, रोमकरांस ११ च्या पहिल्याच वचनात, देवाने आपल्या लोकांना टाकलं काय, मुळीच नाही, आणि वर म्हणतो की मी स्वतः इस्राएली आहे. त्याच अध्यायाच्या २९ व्या वचनात म्हणतो की देवाची कृपादानं आणि पाचारण मागे घेतलं जात नाही. मुलाला विचारा की "यहुद्यांचं संपलं" हे वाक्य तू या अध्यायात कुठे बसवशील. त्याला प्रेमाने हे पण सांगा की हे वाक्य नवीन नाहीये, फार जुनं आहे आणि त्याचा इतिहास वाईट आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने लिहिलं की आता खरं आत्मिक इस्राएल आम्ही. त्याचा मुद्दा येशूबद्दल होता, पण पुढे तोच विचार कडू होत गेला. ३८६ साली अंत्युखियात योहान क्रिसोस्टमने, एवढा मोठा उपदेशक, यहुद्यांबद्दल असे उपदेश केले की आज वाचवत नाहीत. १५४३ मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने तर त्यांची सभास्थानं जाळा असं लिहिलं, आणि चारशे वर्षांनी नाझींनी ते लिखाण वर काढून वापरलं. युरोपात साठ लाख यहुदी मारले गेले आणि मारणाऱ्यांच्या देशात गावोगाव चर्च होती. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेत स्पष्ट सांगितलं की येशूच्या मरणाचा दोष सगळ्या यहुद्यांवर टाकता येणार नाही आणि त्यांना देवाने टाकलेले, शापित असं म्हणू नये. म्हणजे हे सांगायला एकोणीस शतकं गेली ताई. तुमचा मुलगा असल्या द्वेषातला नाहीये हे मला पत्रावरून कळतंय, पण तो ज्या वाटेवर पाऊल टाकतोय तिथे आधी काय काय झालंय ते त्याला माहीत पाहिजे.

आता अण्णांचं. ते व्हिडिओत जे ऐकतात, म्हणजे इस्राएल वेगळं, मंडळी वेगळी, मंडळी आधी वर उचलली जाणार, मग सात वर्षांचं संकट, मग हजार वर्षांचं राज्य, ही पूर्ण मांडणी प्रेषितांच्या काळापासून अशीच चालत आलीय असं अण्णांना वाटत असेल. तसं नाहीये. या रूपात ती १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी नावाच्या आयरिश ब्रदरन उपदेशकाने मांडली, मग १९०९ मध्ये अमेरिकेत स्कोफील्डचं टिपांचं बायबल निघालं, वचनाच्या खालीच टीप छापलेली असल्यामुळे लोकांना टीप आणि वचन एकच वाटायला लागलं, आणि मग १९४८ ला राज्य झालं, १९६७ ला जुनं यरुशलेम इस्राएलच्या हातात आलं तेव्हा लाखो लोकांना वाटलं की बघा, शेवटच्या काळाचं घड्याळ सुरू झालं. मला ती भावना कळते, खरंच कळते. दोन हजार वर्षं विखुरलेले लोक परत एका जागी आले, इब्री भाषा पोरांच्या तोंडी परत आली, हे बघून देवाची आठवण होणारच. आणि यहुदी लोक एक दिवस आपल्या मशीहाकडे वळतील ही आशा डार्बीच्या कितीतरी आधीची आहे, सतराव्या शतकातले बरेच प्युरिटन, म्हणजे इंग्लंडमधले कडक प्रोटेस्टंट, पण ती धरून होते. पण कुणीतरी हिशेब केला की येशूने दिलेला अंजिराच्या झाडाचा दाखला म्हणजे १९४८, एक पिढी म्हणजे चाळीस वर्षं, म्हणून १९८८ ला मंडळी उचलली जाणार, आणि त्याची अठ्ठ्याऐंशी कारणं सांगणारी पुस्तिका अमेरिकेत खूप खपली. १९८८ आलं आणि गेलं. प्रेषितांनी स्वतः येशूला विचारलं होतं की आता तू इस्राएलला राज्य परत देणार का, आणि तो म्हणाला काळ आणि वेळ जाणणं तुमचं काम नाही.

जमिनीबद्दल मी माझं मत सांगते, तुम्हाला वेगळं वाटलं तर वेगळं वाटू द्या, देवभिरू माणसं या एका प्रश्नावर दोन्ही बाजूंना आहेत. मला दिसतं की नवा करार ते अभिवचन रद्द करत नाही, रुंद करतो. पौल रोमकरांस ४ मध्ये लिहितो की अब्राहामाला जगाचा वारस होण्याचं अभिवचन होतं, कनान देश एवढंच म्हणत नाही, जग म्हणतो. स्तोत्र ३७ मध्ये नम्र लोक देशाचं वतन पावतील असं आहे, येशू तेच घेतो आणि डोंगरावर सगळ्यांसाठी बोलतो. आणि जुन्या करारात सुद्धा जमीन बिनशर्त नव्हती, लेवीय २५ मध्ये देव म्हणतो जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि पाहुणे आहात. यहेज्केल ४७ मध्ये तर परत आलेल्यांना सांगितलंय की तुमच्यात राहणाऱ्या परदेशीयांना पण वतनात वाटा द्या, देशात जन्मलेल्यासारखा. हे मी व्हिडिओमध्ये कधी ऐकलं नाही. यहुद्यांना सुरक्षित घर हवं हे पटायला मला भविष्यवाणीचा तक्ता लागत नाही, त्यांच्यावर जे झालं ते आठवलं तरी पुरे. आणि पॅलेस्टिनी माणसाला त्याचं घर, त्याचं झाड हवं हे पटायला पण तक्ता लागत नाही.

इथे एक गोष्ट मला बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या भूमीत आपली भावंडं राहतात ताई, अरबी बोलणारे ख्रिस्ती, बेथलेहेममध्ये, नासरेथमध्ये, गाझात. १९ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री गाझातल्या सेंट पोर्फिरियस चर्चच्या आवारात इस्राएलचा हवाई हल्ला झाला, तिथे आसरा घेतलेली आपलीच माणसं मेली, लहान मुलं धरून. त्याआधी बारा दिवस इस्राएलमध्ये हमासने साधारण बाराशे माणसं मारली होती, घरात घुसून, म्हातारी कोतारी सुद्धा. २००६ मध्येच यरुशलेमच्या लॅटिन पॅट्रिआर्क (म्हणजे कॅथलिक प्रमुख), सिरियन ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि ल्यूथरन धर्मप्रमुखांनी मिळून निवेदन काढलं होतं की बायबलच्या नावाने एका बाजूच्या राज्यसत्तेला आंधळा पाठिंबा देणारी शिकवण आम्हाला मान्य नाही, ती न्याय आणि समेटाच्या आड येते. ही तिथली मंडळी आहे, पेंटेकॉस्टच्या दिवशीच्या यादीत प्रेषितांच्या कृत्यांमध्ये अरब आहेत, तेव्हापासूनची माणसं. अण्णांच्या रोजच्या प्रार्थनेत त्यांचं नाव येतं का एवढंच विचारायचंय मला, वाद नाही घालायचा.

आणि यहुदी म्हटलं की मला बातमी आठवत नाही, मला अलिबागजवळचं आमच्या लहानपणचं घर आठवतं. शेजारी बेने इस्राएल कुटुंब होतं. आजी नऊवारी नेसायच्या, आमच्या आईशी मासळीच्या भावावरून बोलायच्या, शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत, त्यांचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणायचे. नवसाला मलिदा करायच्या, पोहे, गूळ, खोबरं घालून, आणि एलियाहू हनाबीचं नाव घ्यायच्या, तोच एलीया, नाबोथाच्या मळ्यात राजासमोर उभा राहिलेला. त्यांचा मुलगा इस्राएलला गेला. तिथे गेल्यावर या मराठी माणसांना काय ऐकायला लागलं माहितीये, की तुम्ही पुरेसे यहुदी आहात का, लग्न लावायचं तर आधी तुमचे आजी-पणजोबा तपासू. त्यांनी मोठं आंदोलन केलं आणि १९६४ मध्ये तिथल्या धर्मगुरूंना त्या नियमातून बेने इस्राएल हे नाव काढावं लागलं. इस्राएल कोण हा प्रश्न आपल्या कोकणातल्या माणसांच्या अंगावर गेलाय, तो नुसता अभ्यासाचा प्रश्न नाही. म्हणून मुलगा जेव्हा म्हणतो यहुद्यांचं संपलं तेव्हा मला त्या आजी दिसतात, आणि अण्णा जेव्हा म्हणतात घड्याळाचा काटा हलला तेव्हा पण मला त्याच दिसतात, त्या काटा नव्हत्या, माणूस होत्या.

आता महिला मंडळ. पाळकसाहेबांचा मान ठेवून सांगते, टाळू नका. त्यांना आधी जाऊन भेटा, सांगा की मी राजकारण घेणार नाही, फक्त अध्याय वाचून दाखवणार, आणि ११ वा एकटा घेऊ नका, ९ पासून सलग वाचा, अर्धा तास लागेल. "सगळं इस्राएल तारलं जाईल" या ओळीवर बायका विचारतीलच, तेव्हा सांगा की सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिन या धर्मसुधारकाला यात यहुदी आणि परराष्ट्रीय मिळून देवाचे सगळे लोक दिसले, पण त्याच्याच परंपरेतल्या पुष्कळ लोकांनी नंतर याचा अर्थ पुढे एक दिवस यहुदी लोक मोठ्या संख्येने येशूकडे येतील असा घेतला, आणि दोघंही एकाच प्रभुभोजनाला बसू शकतात.

मग जैतुनाच्या झाडावर या, आणि इथे ताई तुमच्याकडे जे आहे ते माझ्याकडे नाही, कुठल्या सेमिनरीकडे पण नाही. तुमच्या घरात कलम भरणारा माणूस आहे. आपण काय करतो, डॉगरिजचा रानटी खुंट घेतो कारण तो खारं पाणी सोसतो, आणि त्याच्यावर चांगल्या जातीची काडी पाचर मारून बांधतो. पौल नेमकं उलट सांगतोय. चांगलं लावलेलं झाड, त्याच्या काही फांद्या तोडल्या, आणि त्या जागी रानटी काडी बसवली, ती काडी म्हणजे आपण परराष्ट्रीय. २४ व्या वचनात तो स्वतः म्हणतो की हे निसर्गाविरुद्ध आहे. कुठलाही शेतकरी असं करणार नाही, देवाने केलं, कृपेने. आणि मग १८ व्या वचनात म्हणतो काडीने फुशारकी मारू नये, तू मुळाला धरून नाहीस, मूळ तुला धरून आहे. हे मुलासाठी आहे. आणि तोडलेल्या फांद्या देव परत त्याच झाडात कलम करू शकतो हे २३ व्यात आहे, पण कसं, तर ते अविश्वासात राहिले नाहीत तर, म्हणजे वाट त्यांना पण येशूतूनच आहे, झेंड्यातून नाही. हे अण्णांसाठी. झाड एकच आहे, दोन नाहीत. हे दोघांसाठी.

मुलाला फोन तुम्ही करा, आणि वादाचं काही काढू नका. सांगा की ऑगस्टात कलम भरायला ये, अण्णांच्या हाताला आता पूर्वीसारखी पकड राहत नसेल, सुरी तू धर. त्याने आधी माफी मागायला हवी, बाँबचं वाक्य आजोबांना बोलायचं नव्हतं, मुद्दा काहीही असो. आणि बांधावर बसून चहा पिताना अण्णांना तुम्हीच विचारा की अण्णा, मला मंडळात रोमकरांस ११ घ्यायचंय, पौल कलमाचं असं असं लिहितोय, हे खरंच होतं का हो असं, काडी रानटी आणि खुंट चांगला? त्यांना सांगू द्या. चाळीस-पन्नास वर्षं ज्या माणसाने काड्या बांधल्या त्याला ते वचन माझ्यापेक्षा आणि तुमच्या मुलापेक्षा जास्त कळेल, आणि मुलाला पण ते त्यांच्याच तोंडून ऐकू दे.

टेबलावरचा झेंडा तुम्ही उचलू नका, मुलालाही उचलू देऊ नका. माझं मत विचाराल तर बायबलशेजारी कुठल्याच देशाचा झेंडा नको, पण तो अण्णांनी स्वतः काढला पाहिजे नाहीतर तो टेबलावरून जाईल आणि मनात जाऊन बसेल. रात्रीच्या प्रार्थनेत स्तोत्र १२२ घ्या, यरुशलेमच्या शांतीसाठी मागा असं त्यात आहे, अण्णा नाही म्हणणार नाहीत, आणि यरुशलेम म्हटलं की तिथे राहणारे सगळे आले.

आणि शापाची भीती परत आली तर ९ व्या अध्यायाची पहिली तीन वचनं काढा. पौल तिथे म्हणतो की माझ्या मनात अखंड वेदना आहे, माझ्या यहुदी भाऊबंदांसाठी मीच शापित होऊन ख्रिस्तापासून वेगळा झालो तरी चालेल. तो शाप दुसऱ्यावर घालत नाही, स्वतःवर घ्यायला तयार आहे. मंडळात सुरुवात तिथूनच करा.